आज सात घड

तीस वर्षं मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि त्यांतली बावीस वर्षं रोज तापमान लिहीत होतो. लिहीत होतो म्हणालो. मोजत होतो असं म्हणालो नाही. दूर धरणावरचा चौकीदार काचेची नळी बघून आकडा कळवायचा आणि मी तो हिरव्या पुठ्ठ्याच्या रजिस्टरात उतरवायचो. चौकीदार कुणाच्या हळदीला किंवा दशक्रियेला गेला, की कालच्या आकड्याला जरा चिमटा काढून किंवा ठिगळ लावून आजचा आकडा मीच तयार करायचो. ती नळी दिसते कशी, हे मी निवृत्त होईपर्यंत पाहिलेलं नव्हतं. पण गावी परत आलो तेव्हा माझी कीर्ती माझ्या आधी पोचली होती. नाना म्हणजे तापमानातला माणूस! असं कुणी म्हटलं की मी नाही म्हणत नसे. पुढचं सगळं त्या न म्हटलेल्या 'नाही'मुळे झालं.

आमचं गाव जळगावहून एरंडोलकडे जाताना लागतं. बसथांब्याला लागून एक काळा फळा आहे. त्यावर रोज सुविचार लिहायचं काम गावात जो कोणी रिकामा आणि अक्षरानं बरा असेल त्याच्याकडे येतं. दोन वर्षं मी इमानानं सुविचार लिहिले. कुणी वाचत नाही अशी शंका आली म्हणून एकदा अर्धाच सुविचार लिहून ठेवला. उरलेला अर्धा विचारायला आठ दिवसांत कुणी आलं नाही.

गेल्या एप्रिलमध्ये मात्र ऊन असं चढलं, की सकाळी नऊलाच नळाचं पाणी चटका द्यायला लागलं. जळगावला गेलो होतो, तिथल्या एका दुकानात लाकडी पट्टीवर बसवलेली ती काचेची नळी दिसली. जिच्या जिवावर बावीस वर्षं पगार खाल्ला ती ही! भावना अनावर झाल्या आणि विकत घेतली. बायको म्हणाली, "घाम येतोय हे कळायला आता नळी लागणार का तुम्हाला?" ती दोंडाईच्याची, मिरचीबाजाराच्या गावची. बोलण्यात तो गुण उतरलाय.

नळी लावायची कुठे? तापमान घ्यायची रीत मला तोंडपाठ होती, कारण रजिस्टराच्या पहिल्या पानावर छापलेली असायची. सावली हवी, तोंड उत्तरेकडे हवं, जमिनीपासून छातीच्या उंचीवर, आणि वारा खेळता हवा. गावभर फिरलो. शेवटी बसथांब्यामागे आबांचं चेंबर आहे, त्याची मागची भिंत पसंत पडली. आबा म्हणजे गावातले सगळ्यात मोठे केळीवाले. कच्ची केळी गार ठेवून हळूहळू पिकवायची त्यांची मोठी बंद खोली, तिला सगळे चेंबर म्हणतात. भिंत उत्तरेकडची, दिवसभर सावली. शेजारी पिठाची गिरणी धडधडत असते, पण नळीला आवाजाचा काय त्रास? बाजूला केळीचे रिकामे प्लॅस्टिकचे क्रेट डोक्याच्या वर रचलेले, आणि त्यांच्या भोकाभोकांतून सतत वारा यायचा. वारा खेळता हवा ना? अहो, तिथे तो कबड्डी खेळत होता. गरम होता खरा, पण एप्रिलात आमच्याकडे गार वारा कुणी पाहिलाय? मी खिळा ठोकला, नळी लटकवली, आणि दुसऱ्या दिवशी सुविचार पुसून फळ्यावर लिहिलं: 'आज सकाळी ११ वाजता ४२ अंश.'

दोन वर्षांत जे झालं नाही ते झालं. लोक थांबले. एस.टी.तून उतरणारे थांबले, मोटरसायकली थांबल्या, दुधाचे कॅन घेऊन चाललेला माणूस कॅन खाली ठेवून थांबला. मोबाइलवर जळगावचं तापमान कुणीतरी बघितलं. तिथे अडतीस दाखवत होतं. गर्दीतून आरोळी उठली, "जळगावले मांगे टाकी दिधं!" आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. माझ्या जावयाचा फोन आला. तो दोंडाईच्याला असतो. "मामा, आमच्याकडे फक्त एकोणचाळीस," असं तो इतक्या पडक्या आवाजात म्हणाला की मला त्याची कीव आली. आपण ज्या विस्तवावर भाजले जातोय तो शेजाऱ्याच्या विस्तवापेक्षा मोठा असावा असं माणसाला का वाटतं, याचं मला कुतूहल वाटलं. पण माझी छातीही दोन इंच फुगली होती, म्हणून जास्त खोलात गेलो नाही.

फळ्याला गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर माझ्यातला वक्ता जागा झाला. आकड्याखाली मी 'जागतिक तापमानवाढ' असं लिहून बाण काढला आणि खडू हातात घेऊन उभा राहिलो.

"नाना, हाई जागतिक म्हणजे कोठलं?" गिरणीवाल्यानं विचारलं.

"बठ्ठ्या जगाचं."

"मंग त्यानामा आपला वाटा कितला?"

मी कोळसा सांगितला, मोटारी सांगितल्या, विमानं सांगितली. एक शेतकरी म्हणाला, "मन्हाकडे तं बैल शेतस." दुसरा म्हणाला, "बैल भी गॅस सोडतस, पेपरमा उनं व्हतं." पहिला म्हणाला, "मंग तुन्हं काय?" त्यानंतर पाच मिनिटं व्याख्यान चालू ठेवता आलं नाही.

पण ऐकताना गंमत वाटत गेली. प्रत्येकाकडे आपापलं कारण होतं. कुणी बोअरवेलना दोष दिला, कुणी मोबाइलच्या टॉवरला, कुणी पापाला. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस कडेला उकिडवा बसला होता, तो म्हणाला, "रस्ता मोठा करासाठे निंबना झाडं तोडात. मी मोजेल व्हतात. आते त्या रस्तावरथून उघड्या पायनी चालीसन दाखवा." त्यानंतर मी बाणाखाली नवीन काही लिहिलं नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी गर्दी पांगल्यावर अक्का आली. अक्का ही पंधरा बायांच्या टोळीची मुकादम. टोळी आबांच्या केळीत काम करते. उन्हाळ्यात त्यांचं मुख्य काम घड झाकायचं. झाडालाच लोंबणारी वाळकी पानं ओढून ती घडाभोवती गुंडाळायची आणि सोपटाच्या, म्हणजे केळीच्या खोडाच्या वाळक्या सालीच्या, दोरीनं बांधायची, म्हणजे उन्हानं केळी भाजत नाहीत. नवऱ्याचे जुने फुल शर्ट लुगड्यावर चढवून, तोंडाला फडकी बांधून या बाया सकाळी सहाला बागेत शिरतात आणि एकला बाहेर येतात. अक्काला अक्षरं वाचता येत नाहीत, पण आकडे येतात.

"नाना, हाऊ आकडा खरा शे का?"

"सरकारी पद्धतीनं घेतलाय, अक्का."

"म्हणजे आबा भी मानी?"

"मानावाच लागेल."

तिनं आकड्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. मग सांगितलं, की तिची सून टोळीत आहे, नवीन आहे, आणि दोन दिवसांपासून बारा वाजले की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. "केळीना घडले झाकासाठे पंधरा बाया शेतस," अक्का म्हणाली, "बायास्ले झाकासाठे कोनी नही."

दुसऱ्या दिवशी तिनं आबांना फळ्यापुढे गाठलं. आबा तसे वाईट माणूस नाहीत. चिकट आहेत, पण चारचौघांत दिलेला शब्द मोडत नाहीत, आणि अक्काला ते माहीत होतं. थांब्यावर वीस-पंचवीस माणसं उभी होती. बरीच घासाघीस झाली आणि ठरलं: अकरा वाजता नानाचा आकडा एकेचाळीस किंवा त्यावर असला तर बायांना सुट्टी, पण मजुरीचा रोज पुरा. कमी असला तर एक वाजेपर्यंत काम.

"पन आकडा नानानाच," आबा बोट नाचवत म्हणाले. "मोबाइलना चालावू नही."

त्या दिवशी मी घरी जाताना लांबच्या रस्त्यानं गेलो. सगळ्यांनी बघावं म्हणून.

महिनाभर रोज अकरा वाजता मी नळी बघायचो. बेचाळीस. त्रेचाळीस. कधी एकेचाळीस. फळ्यावर आकडा लिहिला की गिरणीवाला मोबाइलवरून अक्काला कळवायचा आणि थोड्या वेळानं बायांची रांग हसत-बोलत गावाकडे यायची. एक-दोघी मला बघून फडक्याआडून हात जोडायच्या. मी मान हलवायचो, जसा काही सूर्य माझ्या हाताखाली कामाला होता.

मग मे महिन्यातला तो मंगळवार. सकाळी आठला लाइट गेली ती आलीच नाही. अकरा वाजता नळी बघितली तर अडतीस! मी चष्मा पुसला, नळीवर टिचकी मारली. अडतीसच. मला विलक्षण आनंद झाला. महिन्यात पहिल्यांदा चांगली बातमी द्यायची संधी होती. मी ठळक अक्षरांत ३८ लिहिलं आणि शेजारी हौसेनं 'आज उकाडा कमी' असंही लिहिलं. थांब्यावरचा एकजण कपाळ निथळत म्हणाला, "नाना, तुमना पारा येडा व्हयना का?" मी त्याला म्हणालो, "शरीराला भास होतात. नळीला होत नाहीत."

त्या दिवशी काम एकपर्यंत चाललं. साडेबाराला अक्काची सून घड बांधता बांधता पडली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून, डोक्यावर ओली पोती टाकून तिला एरंडोलच्या दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं. दिवेलागणीला ती शुद्धीत, चालत घरी आली, पण डॉक्टरनं पंधरा दिवस उन्हात जायचं नाही म्हणून बजावलं होतं.

अक्का तिला घरी सोडून माझ्या ओट्यावर आली. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ती बसली, पाणी प्यायली आणि खरोखर कळून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "नाना, आज ऊन कमी व्हतं का?"

मी म्हणालो, "नळी तसं म्हणत होती."

"हां," ती म्हणाली आणि गेली.

रागावली असती तर मला झोप लागली असती.

दुसऱ्या दिवसापासून मी संशोधनाला बसलो. अक्षरशः बसलो. सकाळी नऊपासून नळीपुढे स्टूल टाकून, वही उघडून, दर दहा मिनिटांनी आकडा. बायको ताकाचा तांब्या घेऊन यायची आणि विचारायची, "काय, अंडी उबवून झाली का?" माझ्या वहीत तीन तर्क होते. मंगळवारचा परिणाम. नळीला विश्रांतीची गरज. तिसरा तर्क इतका मूर्खपणाचा होता की तो मी वहीतूनही खोडला. तिसऱ्या दिवशी साडेदहाला लाइट गेली आणि माझ्या डोळ्यांदेखत तांबडी रेघ बेचाळीसवरून हळूहळू खाली सरकायला लागली. एकेचाळीस, चाळीस, एकोणचाळीस. मी ओरडतच घरी गेलो. "सापडलं! विजेच्या तारांमुळे गाव तापतंय! लाइट गेली की तीन-चार अंशांनी उतरतं!"

बायकोनं शांतपणे आमच्या ओट्यावर, खिडकीच्या सावलीत, हात ठेवून बघितला. "इथे काही उतरलेलं नाही," ती म्हणाली. "फक्त तुमच्या नळीपाशीच वीज तापते का?"

हा प्रश्न बावीस वर्षांच्या अनुभवात मला कुणी विचारला नव्हता.

उत्तर दोन दिवसांनी मोटरसायकलवर बसून आलं. चेंबरचं मशीन दुरुस्त करायला जळगावहून एक मिस्त्री येतो. पिढीजात कारागीर माणूस, आधी बाप पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटारींत तारा भरायचा, हा गार मशीनं बघतो. मी स्टुलावर. त्यानं सलाम केला, बाजूचे क्रेट एकेक करून हलवले, आणि क्रेटच्या मागून दोन ताटाएवढे गरगरणारे पंखे निघाले. त्यांचा झोत सरळ माझ्या नळीवर आणि नळीपुढे बसलेल्या माझ्या टकलावर येत होता.

"हे कुणी लावलं इथे?" त्यानं नळीकडे बघत विचारलं.

"मी."

तो हसला नाही, ही त्याची सभ्यता. फक्त पान्हा खाली ठेवला. "नाना, तुम्ही घोड्याच्या नाकाला थर्मामीटर लावलं आणि गावाला ताप आला म्हणून सांगितलं."

"पण आत तर मशीन थंडी तयार करतं ना?"

"थंडी कोण तयार करणार हो? ते काम अल्लाचं. मशीन फक्त आतली गरमी उचलून बाहेर फेकतं. आत केळी गार, बाहेर तुम्ही गरम. हिसाब बरोबर."

"आणि ही गरमी जाते कुठे?"

त्यानं हात गोल फिरवला. मी, गिरणी, सावलीत जीभ काढून पडलेलं कुत्रं, बसथांबा, सगळं त्या हाताच्या फेऱ्यात आलं.

मी स्टुलावर तसाच बसून राहिलो. महिनाभर फळ्यापुढे उभा राहून मी गावाला हेच तर शिकवत होतो, की एकजण गार होतो आणि त्याची उष्णता दुसऱ्याच्या अंगावर जाते. ती माझ्या मानेवर येत होती आणि मी तिला खेळता वारा म्हणत होतो.

आता सांगावं तर पंचाईत. नळी हलवली की खरा आकडा अडतीस-एकोणचाळीस येणार, आणि बायांची अकराची सुट्टी जाणार. सून बरी होऊन परत आली की तीही एक वाजेपर्यंत उन्हात. न सांगावं तर लाइट गेली की पुन्हा तेच. मी आधी अक्काकडे गेलो. तिच्या दारात सून बाजेवर बसून गहू निवडत होती. मी सगळं सांगितलं. पंखे, क्रेट, टक्कल, काही लपवलं नाही. टकलाशी आल्यावर सून हसली.

अक्का नाही हसली. ती हिशेब लावत होती. "म्हणजे हाई पडनी त्या दिन आकडा खरा व्हता?"

"हो."

"आन महिनाभर खोटा व्हता, तवय एक भी बाई पडनी नही."

"नाही."

"मंग खरं काय, नाना?"

मी सुनेच्या गव्हातला एक खडा निवडून बाजूला टाकला. अक्का म्हणाली, "आबाले सांगी द्या. दुसरा कोनी सांगी तं आपन दोन्ही खोटा पडसूत."

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यापुढे, सगळ्यांसमोर, मी आबांना सांगितलं. मग आबा इतके हसले की त्यांना गिरणीच्या पायरीवर बसावं लागलं. "मन्हंच मशीन, मन्हीच हवा, मन्हाच बाया, आन मीच सुट्टी दिधी!" लोकही हसले. मीही हसलो, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं. डोळे पुसून आबा उठले आणि त्यांचा आवाज बदलला. "झायं ते झायं. आते न्याय सरळ. काम बागमा, तं नळी बागमा. चला."

आबांना पक्कं माहीत होतं ते मला बागेत शिरल्यावर कळलं. भरलेली केळीची बाग म्हणजे पानांचं छप्पर. खाली ठिबकची ओल. रस्त्यावरून आत पाऊल टाकलं की पहिली दोन मिनिटं स्वर्ग. सावली, हिरवा उजेड, ओल्या मातीचा वास. आबांनी स्वतःच्या हातानं नळी एका झाडाला टांगली. दहा मिनिटांनी वाचली. छत्तीस. त्यांनी माझ्याकडे, मग अक्काकडे पाहिलं. बायांची टोळी हातांतली दोरी तशीच धरून उभी होती.

"छत्तीस," आबा म्हणाले. "लिखा, नाना."

तेव्हा अक्कानं तिच्या कमरेची सोपटाची जुडी सोडली आणि माझ्यापुढे धरली. "नळी बागमा उनी, चांगलं व्हयनं. आते नळीवाला भी येवू द्या. नाना, अर्धा तास घड झाका. छत्तीसच तं शे."

छत्तीस! माझ्या बावीस वर्षांच्या रजिस्टरात छत्तीस हा आकडा हिवाळ्याच्या शेजारी बसायचा. मी बाह्या सरसावल्या आणि "द्या इकडे" म्हणालो. साडेदहा वाजले होते.

पहिल्या घडाला वाळकं पान ओढलं आणि वर्षभराची धूळ तोंडावर आली. दुसऱ्याला हात वर धरून गाठ मारता मारता खांदे भरून आले. तिसऱ्याला कळलं, की या स्वर्गात वारा नाही. अजिबात नाही. पानांच्या छपराखाली ओलीची वाफ उभी असते आणि अंगावरचा घाम जायला जागाच नसते, तो तिथेच राहतो, त्यावर दुसरा येतो. चौथ्या घडाला चष्म्यावर धुकं. पाचव्याला कानात गिरणी सुरू झाली. सहावा कसा बांधला ते आठवत नाही. सातव्याची गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली, आणि मी झाडाच्या बुंध्याशी ठिबकच्या चिखलात बसलो. ठरवून नाही बसलो. पायांनी परस्पर ठरवलं.

आबा पुन्हा हसायला लागले. पण अक्कानं माझ्या हातातली जुडी काढून घेतली आणि त्यांच्यापुढे धरली. "आबा, तुम्हीन?"

सगळ्या बाया बघत होत्या. आबांनी जुडी घेतली. मूळचे कामाचे आहेत, हात माझ्यासारखा कारकुनी नाही, पण बागेत हात लावून त्यांना वीस वर्षं तरी झाली असतील. त्यांनी भराभर सुरुवात केली. आठव्यानंतर वेग गेला. अकराव्या घडानंतर त्यांनी टोपी काढली, ती पिळली, आणि माझ्या शेजारी, त्याच चिखलात, येऊन बसले. बराच वेळ आम्ही दोघं समोरच्या झाडावरची नळी बघत होतो. तिच्यात छत्तीस होते.

"नाना," आबा धापा टाकत म्हणाले, "कितला वाजनात?"

"अकरा वाजून गेले."

त्यांनी मान वर न करता हात हलवला. "अक्का, बायास्ले घर धाडा."

अक्का जागची हलली नाही. "आजना दिन, का रोज?"

मला वाटतं, आबांच्या आयुष्यात एवढा सोपा प्रश्न एवढा जड कधी झाला नसेल. पण व्यापारी माणूस चिखलात बसूनही व्यापारीच असतो. ते म्हणाले, "रोज असं नही म्हणावू. मोजमाप पाहिजे. नळी कामनी नही, ती घडभी बांधस नही आन घामभी गाळस नही. नानाले रोज साडेदहाले बागमा धाडा. अर्धा तास. दहा घड झायात तं काम चालू. दहाना खाले, तं सुट्टी. रोज पुरा."

अशा रीतीनं मी, जो बावीस वर्षं तापमान न बघता लिहीत होतो, स्वतःच तापमापक झालो. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "देवाचा न्याय हो, उशिरा असतो एवढंच." पण रोज ताकाचा तांब्या भरून देते, मिठाची चिमूट जास्त टाकून. माझे दोन चांगले शर्ट केळीच्या चिकानं कायमचे काळे झाले. आता मीही टोळीसारखा एक जुना शर्ट वेगळा ठेवलाय.

फळ्यावर आता अंश नसतात. पहिल्या दिवशी मी लिहिलं, 'आज सात घड.' थांब्यावरचे लोक आधी गोंधळले, चार दिवसांत सरावले. "काल आठ व्हतात, आज सहा. ऊन वाढनं," असं एकमेकांना सांगतात. मोबाइलवर चव्वेचाळीस बघतात आणि मग फळ्याकडे वळून विचारतात, "म्हणजे कितला घड?" जावयानं फोनवर विचारलं, "मामा, तुमच्याकडे किती?" मी म्हणालो, "पाच." त्यानं फोन सासूबाईंकडे द्यायला सांगितलं.

एक दिवस ढग आले. त्या दिवशी माझे अकरा घड झाले. माझाच विश्वास बसेना, अक्कानं दोनदा मोजले. बाया एकपर्यंत राबल्या. कुणी पडलं नाही, कुणी कुरकुरलं नाही. संध्याकाळी अक्कानं घरी ठेचा पाठवला, सोबत निरोप: आज खरोखर गार होतं. दवाखान्याच्या दाखल्यासारखा मी तो निरोप जपून ठेवलाय.

पंधरा दिवसांनी सून कामावर परत आली. अक्कानं तिला माझ्याच ओळीत लावलं, कदाचित तिच्यावर माझं लक्ष राहावं म्हणून, कदाचित माझ्यावर तिचं. माझी गाठ मारायची धडपड ती दोन घडांपर्यंत बघत राहिली, मग तिला राहवेना. "नाना, असं नही. दोरी आधी दांडाले अडकावा, मंग पानं ओढा." तिनं करून दाखवलं. इतकं साधं! मी केलं. पहिल्याच फटक्यात गाठ बसली. दुसरा घड निम्म्या वेळात. तिसरा त्याहून लवकर. हुरूप आला, मी शीळ घालायला लागलो. सातवा, आठवा, नववा बांधून झाला आणि अजून अकराला बरीच मिनिटं बाकी. मी दहाव्या घडाकडे विजयानं हात वर केला.

"नाना!"

ओळीच्या टोकाला अक्का उभी होती. ऊन तर कालच्यासारखंच होतं. ती जवळ आली, सुनेकडे एक नजर टाकली, सुनेनं जीभ चावली. मग अक्कानं माझी दोरी हातात घेऊन ती नवी, सुरेख गाठ बघितली.

"कोनी शिकाडी?"

सून मान खाली घालून मातीत अंगठा रुतवत होती.

"चांगली शे," अक्का म्हणाली. "पन तुम्ही शिकू नका. जसं येत व्हतं तसंच बांधा."

जन्मभर मला लोक सांगत आले, की नाना, जरा नीट शिकून घ्या. वडिलांनी, मास्तरांनी, साहेबांनी, बायकोनं तर अजून आशा सोडलेली नाही. नीट येत नाही म्हणून माझी पहिल्यांदाच कुणाला गरज पडली होती. मी ती गाठ सोडली आणि माझ्या जुन्या पद्धतीनं, दोन्ही हात वर अडकवून, दोरी दातांत धरून, खटपट करत राहिलो. अकरा वाजले तेव्हा तो घड अर्धाच झाकलेला होता.

आबांचा माणूस मोजायला आला. "नऊ," त्यानं नोंद घेतली. बाया घरी निघाल्या. सून सगळ्यात मागे होती. माझ्या उघड्या राहिलेल्या घडापाशी ती थांबली, जाता जाता दोन झटक्यांत त्याला पानं गुंडाळून, गाठ मारून पुढे गेली.

मी फळ्यावर 'आज नऊ घड' लिहिलं. मग खडू हातात धरून विचार करत उभा राहिलो. पुढच्या मे महिन्यात माझे पाचच झाले, तर ऊन वाढलं म्हणायचं की मी वर्षानं म्हातारा झालो? आणि त्यातून ही नवी गाठ हातांना एकदा कळलीय, ती विसरायची कशी? गिरणीवाला आतून बघत होता. "काय नाना, सुविचार लिखतस का?" त्यानं ओरडून विचारलं.

मी नऊ पुसून पुन्हा नीट, जरा मोठा, नऊ काढला आणि घरी गेलो.